आठव्या हिश्श्याचा मानकरी

"नवा माणूस घरी आला की आधी त्याला पोटभर जेवायला घालावं, मग बसायची जागा दाखवावी. कामाचं बोलणं तिसऱ्या दिवशी, तेही त्याने काढलं तर."

सासूबाईंनी हे मला सांगितलं तेव्हा मी स्वतःच त्या घरात नवी होते आणि तोंडात तारोच्या, म्हणजे अळूसारख्या, कंदाचा मोठा घास होता, त्यामुळे उलट काही विचारता आलं नाही. सासूबाई देवाघरी गेल्या. त्यांचं वाक्य मात्र भट्टीवर काजळी बसावी तसं आमच्या घरावर बसलेलं आहे. ब्रिस्बेनहून रसेल आला तेव्हा मी ते तंतोतंत पाळलं, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला, असं आमची शेजारीण सिएनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असते. सिएनीबद्दल मी आज काही बोलणार नाही. शुक्रवारी कुणाविषयी वावगा शब्द काढायचा नाही असा माझा नेम आहे, आणि आज नेमका शुक्रवार आहे.

बेटावरची आमची बेकरी म्हणजे दोन भट्ट्या, तीन गाड्या आणि नात्यातली माणसं. भट्टी आमचे हे सांभाळतात. हे दिवसाकाठी एखादं वाक्य बोलतात, तेही बहुधा भट्टीशी. गाड्यांचा कारभार सेमीसीकाकांकडे. काका आमच्या घराण्यातले मानकरी, गावच्या पंचांत बसणारे. त्यामुळे गाडी ते चालवतात, पण पाव दुसऱ्या कुणी उतरवावे लागतात. आणि किनाऱ्यावरच्या गावोगावच्या दुकानांची मागणी फोनवर घ्यायची ती फुआतिनोवन्संनी. वन्सं ती कधी लिहून ठेवत नसत. "कागद वाऱ्याने उडतो," असं त्यांचं म्हणणं. डोक्यातलंही उडतं, हे आम्हाला गेल्या पांढऱ्या रविवारी कळलं.

पांढरा रविवार मुलांचा. त्या दिवशी पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये पाठ केलेली वचनं म्हणतात, आणि घरी आल्यावर आधी मुलं जेवतात, मोठी माणसं वाढतात. चर्चमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात नारळाच्या दुधात भाजलेला गोड पाव पडला नाही तर तो रविवारच नव्हे. गेल्या वर्षी ओढ्यापलीकडच्या गावाची मागणी वन्सं सगळीच्या सगळी विसरल्या. तिथला दुकानदार पेसेता दुसऱ्या दिवशी आला. तो भांडला असता तर बरं झालं असतं. हॅट हातात धरून तो म्हणाला, "तेलेसियाबाई, पोरं उभी होती हो. मी आपला म्हणतोय, येतायत, येतायत. शेवटी एका पोरीने मलाच तिच्याजवळचं बिस्कीट दिलं." मग हॅट डोक्यावर ठेवत म्हणाला, "पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं तर मी शहरातल्या बेकरीकडे जाईन. राग नाही. पण जाईन."

पेसेता गेला की बाकीची दुकानंही जाणार, हे मला ठाऊक होतं. एक डुक्कर कुंपणातून निसटलं की उरलेल्यांना वाट दाखवावी लागत नाही.

ऑकलंडला असलेली आमची भाची लुपे हे ऐकून म्हणाली, "मामी, तुम्हाला तंत्रप्रमुख हवा."

"तो काय करतो?"

"कुठलं यंत्र घ्यायचं, कुणी काय शिकायचं, बिघडलं तर कुणावर ओरडायचं, हे सगळं तो ठरवतो."

"मला ओरडता येत नाही गं."

"म्हणून तर तो. पण मामी, सगळाच्या सगळा तुम्हाला परवडणार नाही. हल्ली हिश्श्याने मिळतात. एक माणूस, आठ धंदे. तुमच्या वाट्याला मंगळवारची दुपार."

हिश्श्याचा प्रमुख म्हणजे काय, हे मला समजावून सांगावं लागेल असं लुपेला वाटलं. बिचारी लहानपणीच ऑकलंडला गेली. आमच्याकडे एकेक मानाचं नाव भावांत, चुलतभावांत वाटून वाटून इतकं पातळ झालंय की एका नावाने हाक मारली तर पंचांतले पाचजण वळून बघतात. डुकराचा कुठला भाग कुठल्या मानकऱ्याच्या पानात पडायचा हेही ठरलेलं. त्यामुळे घरात कुणालाच नवल वाटलं नाही. ह्यांनी फक्त भट्टीला सांगितलं, "आठव्या हिश्श्याला शेपूट येईल." ते त्या दिवशीचं वाक्य.

रसेल आला. उंच, गोरा, उन्हाने नाक सोललेला, आणि स्वभावाने इतका गरीब की वन्संनी पाहताक्षणी त्याला "बाळ" म्हणायला सुरुवात केली. त्याच्या उरलेल्या सात हिश्श्यांत एक दंतवैद्य, एक खेकड्यांचा व्यापारी, एक शवपेट्यांचा कारखाना आणि असेच कोणकोण होते. पहिल्या दिवशी त्याने पिशवीतून यंत्र काढलं तसं मी त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्याने यंत्र आत ठेवलं. दुसऱ्या दिवशी सिएनीने तारोच्या पानांत शिजवलेली नारळाची मलई पाठवली, पाद्रीबाबांकडून अख्खा भाजलेला नीरफणस आला, आणि काकांनी हिंदोळ्यात झोपलेल्या रसेलला उठवून मासे खायला घातले. तिसऱ्या दिवशी तो हळूच म्हणाला, "तेलेसिया, कामाचं कधी बोलायचं?"

"आता बोलू की," मी म्हणाले.

"माझं विमान दुपारी आहे."

जाता जाता त्याने मोठ्या पाटीएवढ्या पडद्याचं एक यंत्र भिंतीला टांगलं. दुकानदारांनी आपापल्या फोनवरून मागणी पाठवायची, ती या पडद्यावर दिसायची, कुणीतरी बोट लावून "मिळाली" असं कळवायचं. वन्संना कमी ऐकू येतं म्हणून त्याने एक घंटाही जोडून दिली आणि ती चर्चमधल्यासारख्या एका कर्ण्यातून वाजवली. सगळ्यांनी माना डोलावल्या. वन्सं म्हणाल्या, "हो बाळ." काका म्हणाले, "अगदी योग्य." तो विमानात बसला आणि सगळे पूर्वीसारखे वागू लागले.

दर मंगळवारी दुपारी तो पडद्यावर यायचा आणि विचारायचा, "कुणी बोट लावलं का?" आणि आम्ही सगळे हसून "हो" म्हणायचो. नाही म्हणून समोरच्याचं मन मोडायची आमच्यात पद्धत नाही. दोन-तीन मंगळवार तो बिचारा खुशीत होता. मग यंत्राच्या आतल्या नोंदीवरून त्याला कळलं की पडद्याला आजवर लागलेलं एकमेव बोट त्याचं स्वतःचं होतं.

"का ऐकत नाहीत ते माझं?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, मुलाला खेळात न घेतल्यावर जसा असतो तसा आवाज होता.

मी काकांना विचारलं. काका पावाची परडी दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "सूनबाई, पोरगा गुणी आहे. पण ज्याला नाव नाही त्याने मला सांगायचं आणि मी करायचं? लोक काय म्हणतील?"

सिएनी कुंपणावरून ऐकत होती. ती म्हणाली, "मग द्या की त्याला एखादं नाव! तुमच्या घराण्यात एक बारकंसं पडून आहे ना? तुझ्या सासऱ्यांच्या मावसभावाचं?"

ही सूचना मंगळवारी आली. शुक्रवार असता तर आमचं बोलणंच झालं नसतं.

पाद्रीबाबांचं मत पडलं की त्याला आधी भजनमंडळात घ्यावं. पण नाव देण्यावर घरातल्या बायकांचं एकमत झालं आणि मी नोंदणीच्या कचेरीत गेले. तिथली बाई हातातल्या पंख्याने वारा घेत होती.

"घराण्याची सेवा काय केली याने?"

"यंत्र बसवलं."

"चालतं?"

"अजून नाही."

"राहतो कुठे?"

"ब्रिस्बेनला. पण आठ जणांत आहे."

तिने पंखा थांबवला. "म्हणजे आठ बायका?"

"आठ धंदे," मी इतक्या हळू म्हणाले की तिला ते दोनदा विचारावं लागलं, आणि तोवर रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. जेवणाची सुट्टी झाली, ती जेवून आली, आणि मग तिने सांगितलं की परक्या माणसाला मानापुरतं नाव दिलं तर त्याची नोंद लागतच नाही. हे तिला सकाळीही ठाऊक होतं. देव तिचं भलं करो.

समारंभ घरातल्या घरात करायचा ठरला होता. पण घरातल्या घरात म्हणजे काकांच्या सासरचे आलेच, आणि ते येणार तर वन्संच्या सासरच्यांना कसं वगळणार? चटया आल्या, डुकरं आली, बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावरून एक बसभर माणसं आली, त्यातल्या अर्ध्यांना रसेल कोण हे माहीत नव्हतं आणि उरलेल्यांना तो डॉक्टर वाटत होता. रसेल उघड्या अंगाला तेल लावून, गळ्यात लाल बियांची माळ घालून सभेच्या घरातल्या, त्याच्या नावाला ठरलेल्या शेवटच्या खांबाला टेकून बसला. आवा नावाच्या झुडपाच्या मुळाच्या रसाची करवंटी त्याने दोन्ही हातांनी घेतली, थोडा रस जमिनीवर सांडला, देवाचं नाव घेतलं आणि प्यायला. जीभ बधिर झाल्यामुळे आभाराचं भाषण कुणाला कळलं नाही, म्हणून ते सगळ्यांना फार आवडलं. त्याच्या पानात शेपूट पडलं नाही. मानेचा तुकडा पडला. हे थोडे नाराज दिसले.

आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याचं ऐकू लागले! काका स्वतः पडद्याला बोट लावू लागले. एखाद्या दस्तऐवजावर अंगठा उठवावा अशा गांभीर्याने. मला वाटलं, देवाने ऐकलं.

पण मानकऱ्याचं ऐकायचं तसं त्यालाही गावाचं ऐकावं लागतं. पाद्रीबाबांनी त्याला भजनाच्या कर्ण्याबद्दल विचारलं. शाळेने संगणकाबद्दल विचारलं. महिला मंडळाने तर, चटया विणायच्या घरावरचं छप्पर का गळतं, हेसुद्धा विचारलं. आमची मंगळवारची दुपार गावाने वाटून घेतली, आणि आठव्या हिश्श्याचा आमच्याकडे किती हिस्सा उरला ते गणित मला आलं नाही. "तेलेसिया, आज पाण्याच्या पंपाचं बघतो हं," असं तो पडद्यावरून सांगायचा. ब्रिस्बेनच्या कचेरीत बसून, गळ्यात आमची माळ घालून.

दुसरं एक घडलं ते मला उशिरा कळलं. रसेलने एकदा वन्संना प्रेमाने म्हटलं होतं, "आत्या, आता तुम्ही काही लक्षात ठेवायचं नाही. यंत्र ठेवेल." बाळाने म्हटलं असतं तर वन्संनी हसून सोडून दिलं असतं. मानकऱ्याने म्हटलं, म्हणून त्यांनी पाळलं. कुणी फोन केला तर म्हणायच्या, "मला सांगू नका, मला मनाई आहे." आणि मग फोन ठेवून बराच वेळ हात मांडीवर घेऊन बसायच्या. तीस-चाळीस वर्षं सगळा किनारा ज्यांच्याशी बोलला त्या बाईला करायला काहीच उरलं नव्हतं. मी ते पाहत होते आणि त्यांना विश्रांती मिळतेय असं समजत होते.

पांढरा रविवार जवळ आला तशी रसेलने मोठी परीक्षा घ्यायचं ठरवलं. सगळ्या दुकानांच्या नावाने ब्रिस्बेनहून खोट्या मागण्या पाठवायच्या आणि घंटा नीट वाजते का पाहायचं. त्याच्याकडे मंगळवारची भर दुपार होती. आमच्याकडे सायंप्रार्थनेची वेळ.

त्या वेळी गावात पहिला टोल पडला की माणसं घरी जातात, दुसरा पडला की प्रार्थनेला बसतात, आणि तिसरा पडेपर्यंत रस्त्यावर कुत्रंसुद्धा दबकून चालतं. गावातले तरुण रस्त्याच्या कडेला राखणीला उभे असतात. आम्ही सगळे डोळे मिटून बसलो होतो, ह्यांनी प्रार्थना सुरू केली होती, आणि बेकरीतून कर्णा गरजला. एकदा. मग पुन्हा. कुणी बोट लावून "मिळाली" म्हणेपर्यंत ती घंटा थांबत नसे, आणि बोट लावायला प्रार्थनेतून उठणार कोण? मी उठले नाही. लग्न झाल्यापासून त्या प्रार्थनेतून मी कधी उठलेले नाही. ह्यांनी आवाज चढवला. घंटेनेही चढवला. हे, जे दिवसाला एक वाक्य बोलतात, त्यांनी त्या संध्याकाळी नोहापासून सगळे आठवून आठवून त्यांच्यासाठी प्रार्थना केली, केवळ घंटा झाकण्यासाठी. मध्येच वन्सं डोळे मिटूनच म्हणाल्या, "मला काही ऐकू येत नाही. मला मनाई आहे."

पंच बसले. गावाच्या शांततेचा भंग झाला होता. यंत्र कुणाचं? मानकऱ्याचं. मग दंड मानकऱ्याला. काकांनी रसेल दिसत असलेला माझा फोन सभेच्या घरात नेऊन त्याच्या शेवटच्या खांबाला टेकवून ठेवला आणि पडद्यासमोर आवाची करवंटीही ठेवली. थोरले पंच फोनकडे पाहून म्हणाले, "तुझ्यावर एक भाजलेलं डुक्कर आणि डबाबंद मासळीची खोकी. आणि घंटेचं ते यंत्र पांढरा रविवार होईपर्यंत पाद्रीबाबांच्या कपाटात."

"मी स्वतः येऊन भरेन," खांब म्हणाला.

नंतर तो मला म्हणाला, "तेलेसिया, बाकीच्या सातांकडे काही बिघडलं की आम्ही वायर टाकणाऱ्या कंपनीवर ढकलतो. मला आजवर कुणी थेट दंड केला नव्हता." त्याचा आवाज भरून आला होता.

यंत्र कपाटात गेलं. आम्ही सगळ्या दुकानांना फोन करून मागण्या घेतल्या, मी स्वतः लिहून काढल्या. पेसेताला तेवढा केला नाही. त्याने सगळ्यांच्या आधी, हौसेने, यंत्रावर मागणी टाकली होती आणि रसेल म्हणाला होता, "पेसेताची काळजी नको, त्याची आत सुरक्षित आहे." आत म्हणजे कपाटात, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

शनिवारी दुपारी शेवटचे पाव भट्टीतून निघाले. पिठाचं पोतं झटकून झालं होतं. तेवढ्यात पेसेता आला. गेल्या वर्षीसारखीच हॅट हातात.

"सहज आलो. उद्या किती वाजता पाठवताय? यंत्र मला 'आभारी आहोत' म्हणालं होतं."

मी वन्संकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस तेलेसिया. मला आठवायला मनाई आहे." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांना राहवलं नाही. "तरी सांगते. त्या गावात पोरं किती ते मला पाठ आहे." आणि त्यांनी आकडा सांगितला.

"फुआतिनोबाई, तो माझ्या लहानपणीचा," पेसेता मऊपणे म्हणाला. "त्यात मीही धरलेला आहे." मग त्याला सगळं समजलं आणि तो हॅट फिरवत राहिला. "शहरातल्यांना आता विचारून उपयोग नाही. मुलांना मी काय सांगू, बाई? यंदा काही सांगूच नको का?"

मी आयुष्यात मोठ्याने बोललेले नाही. तेव्हाही बोलले नाही. पण बोलले. "पहिलं भजन सुरू व्हायच्या आत पाव चर्चच्या दारात असतील. मी स्वतः घेऊन येईन. मुलांना सांगा, येतायत."

पेसेताने हॅट डोक्यावर ठेवली. "सांगतो," म्हणाला, आणि गेला.

सिएनी पिठाची पिशवी घेऊन आली, शिवाय पाच सल्ले. आमच्या आळीतल्या घरोघरचं पीठ आलं. आणि त्याच वेळी रसेल आला, टॅक्सीतून, मासळीच्या खोक्यांत गुडघे अडकवून, मांडीवर पानांत गुंडाळलेलं भाजलं डुक्कर. दंड पंचांकडे पोचवून तो धावत भट्टीवर आला आणि नारळाच्या खवणीवर बसला.

"ऊठ, ऊठ!" काका ओरडले. "मानकऱ्याने नारळ खवायचा? ते बिननावाच्या पोरांचं काम. गावाने पाहिलं तर आमच्या घराण्याचं नाक जाईल."

"पण काका, माणसं कमी आहेत."

"म्हणून काय! बस त्या चटईवर आणि आम्हाला बघ."

रसेल चटईवर बसला. त्याच्याइतका दुःखी मानकरी मी पाहिलेला नाही. भट्टी पेटली, पीठ भिजलं, दूध मात्र पुरत नव्हतं. शेवटी काकांच्याच वयाच्या वन्सं कमरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"सेमीसी, हा मानकरी किती हिश्श्याचा?"

"आठव्या," काका म्हणाले.

"मग तो आठवा हिस्सा चटईवर बसू दे. उरलेले सात खवणीवर पाठव."

काका वरच्या तुळईकडे पाहत म्हणाले, "मला काही दिसलं नाही." रसेल खवणीवर चढला. वन्संकडे पाहून तो म्हणाला, "आत्या, ती मनाई मी मागे घेतो." वन्सं म्हणाल्या, "घेशील नाहीतर काय! हात चालव, बाळ." काका थोड्या वेळाने स्वतःच पाव ताटात रचू लागले, पाठ रस्त्याकडे करून.

उजाडायच्या आधीच तिन्ही गाड्या लांबच्या गावांकडे निघून गेल्या. रविवारी बस नसते. तारो वाहायची हातगाडी होती, तिच्यावर ह्यांनी गरम ताटं रचली आणि केळीच्या पानांनी झाकली. मग गाडीच्या चाकाला तेल घातलं, रस्त्यावर करकरू नये म्हणून. रसेल चटईवर झोपून गेला होता, हात खोबऱ्याने माखलेले. वन्सं पायऱ्यांवर माझी पांढरी हॅट घेऊन उभ्या होत्या.

पहाटेचं स्तोत्र वाचल्याशिवाय मी कुणाशी बोलत नाही. ते मी दारात उभ्यानेच वाचलं. कपडे बदलायला वेळ नव्हता. पण त्या दिवशी सगळ्यांनी पांढरंच घालायचं असतं, आणि डोक्यापासून पायापर्यंत मी पिठाने पांढरी झालेली होते. वन्संनी माझ्या डोक्यावर हॅट ठेवली. मी गाडीचा दांडा धरला आणि ओढ्याच्या दिशेने चालू लागले.